नागनाथचे तळहात

विद्यापीठातल्या तज्ज्ञांचं कौतुक मला सांगूच नका. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात एका छापखान्यात प्रुफं तपासायचो. तिथं विद्यापीठाचं ज्वारीवरचं पुस्तक छपाईला आलं होतं. लेखक पुण्याचे प्राध्यापक. ते समोर बसलेले असतानाच छपाईचे खिळे जुळवणारा आमचा नागनाथ थांबला.

"ह्ये पान मी जुळवणार न्हाय. सरांनी ज्वारी विळ्यानं कापलीया. आमच्या मोडनिंबाकडं ती मुळासकट उपटत्यात."

सर भडकले. "अहो, दोन तज्ज्ञांनी तपासलंय हे! तुमच्याकडे काय पुरावा?"

नागनाथ सुगीची रजा संपवून कालच कामावर आला होता. त्यानं दोन्ही तळहात पुढं केले. फोड येऊन पार सोलून निघालेले.

"विळ्यानं असं हुतंय व्हय, सर?"

सर स्टूल ओढून त्याच्यापुढं बसले आणि पेनाचं टोपण काढलं. "सांगा, पहिल्यापासून."

सगळं पान त्यांनी नव्यानं लिहिलं. सर निघाले तेव्हा नागनाथ म्हणाला, "पुढच्या सुगीला शेतावर या की."

आणि सर खरंच गेले! तिथून परस्पर छापखान्यात आले, तर चहाचा कप त्यांना धरवेना. नागनाथनं त्यांचे तळहात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला,

"आता लिवा, सर."