गाडी गप केली पोरानं

…आन वर मलाच म्हणत्यात, आण्णास्नी ऐकू येत न्हाय! न्हाय, तुमी बसा, बसा की ओ हितंच कट्ट्यावर, चाललासा कुटं? भाजी काय पळून जात न्हाय. तुमास्नी सांगतो, उभा जन्म स्टेरिंग धरलंय ह्या हातांनी, मिलच्या म्यानेजरसायबांकडं डायवर हुतो, सायबांनी मागल्या शिटावर नुसती जांभई दिली तरी म्होरं मला कळायचं, आता च्याला थांबवाय पायजे म्हणून… आन आता घरातलीच माणसं म्हणत्यात, म्हातारा गेला कामातनं! आता तुमीच सांगा, मी काय बहिरा हाय व्हय?

ही सगळी आग लावली त्या टेपानं. टेप न्हवं, अवदसा!

सायेब नोकरी सोडून जाताना ही काळी अंबासिटर मला देऊन गेले, तवापासनं मी ती लग्नाकार्याला भाड्यानं फिरवतो, सगळ्या गल्लीला म्हाईत हाय. गाडी जुनी हाय, कबूल. खडखड करती, कबूल. मी बी करतो! पण अवो, त्या खडखडीत बी शास्तर हाय की! डावं दार वाजलं की समजायचं, रस्ता खराब लागला. डिकीतला जॅक आपटला की समजायचं, येग जास्त झाला. म्होरनं टकटक आली की टॅपेट, खालनं घूं घूं आलं की बेरिंग. बायकूपरीस जास्त बोलती माझ्यासंगं ती गाडी, आन बायकूपरीस खरं बोलती. ती गाडी आमच्या चिरंजीवांनी मुकी केली! मुकी!

आता चिरंजीव म्हंजे आमचा हरिदास. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत पावरलूमवर हाय, टॉवेल काढतो. शेडात माग असं धडधडत्यात, की मालक पगार वाढवला म्हणून सांगाय आला तरी त्याला ऐकू यायचं न्हाय… म्हंजे मालक तसलं काय सांगाय येत न्हाय, ती गोष्ट येगळी. पण त्यामुळं झालंय काय, मागावरच्या माणसाला हळू बोलणं म्हंजे काय ते म्हाईतच न्हाय. आमचा हरिदास "एक खाजगी सांगतो" म्हणून तोंड उघडतो, की पल्याडच्या बोळातली कुत्री उठून बसत्यात! रातीचं बायकूच्या कानात काय बोलला, ते सकाळी तुमी मला इचारता. व्हय का न्हाय? हसू नका.

तर ह्या हरिदासाच्या डोस्क्यात आलं, गाडीत टेप पायजे. सगळी लग्नं आता टेपवाली गाडी मागत्यात म्हणं. गेला मला घिऊन नवी पेठेत, गुरुबसप्पाच्या रेडिओच्या दुकानात. त्यो गुरुबसप्पा गादीवरनं उठला बी न्हाय, तितनंच म्हणतो, "या री अण्णा, या! इदु… ह्यो जपान माल री! आवाज असा येतोय बगा, गाणारीण तुमच्या मांडीवर बसून गाईल!" म्हणलं, ह्या वयात मांडीवर घिऊन करू काय? संधिवात हाय! तर हरिदासाकडं बघून म्हणतो, "खरं एक सांगतो री, गाडी खडखड करती, त्यात हा टेप म्हंजे गिरणीत कीर्तन. आदी गाडी गप करा. दारात भरा, छतात भरा, बुडात भरा… मग लावा."

झालं! पोरानं घेतलंच मनावर. सुट्टीच्या दिवशी दारात गाडी उभी करून सोलायला बसला, कोंबडी सोलावी तशी. दारांची आतली पानं काढली, सीट काढले, खालचं म्याट काढलं. एकीकडं घासलेटच्या डब्यात डांबर वितळाय ठिवलं, दुसरीकडं शेडातनं आणल्याली सुताची रद्दी, पोतीच्या पोती. डांबर फासायचं, त्यावर सूत ठासायचं, वर गोणपाट. छताला काय, तर माझी चादर! मी उन्हाळ्यात गच्चीवर हातरायचो ती, कापली कात्रीनं उभी आडवी, आन ती चिकटवाय आमची सून केसर चुलीवर खळ शिजवाय बसली. खळ म्हंजे मागाच्या सुताला लावत्यात ती, मैद्याची. लावली छताला. तवर शेजारच्या अंबुबाईची शेळी दारातनं आत शिरली आन मान वर करून छत चाटाय लागली! अंबुबाई येऊन मलाच म्हणती, "मामा, तुमच्या गाडीचं डांबर माझ्या शेळीनं खाल्लं तर दूध कडू ईल, मग कोण घील?" म्हणलं, बाई, शेळी तुझी, तोंड तिचं, छत माझं, चादर माझी, आन गुन्हेगार बी मीच?

आन मग दारांस्नी भोकं पाडली. भोकं! पत्रा कापायची करवत घिऊन! टेपाचे दोन कर्णे दारात, दोन मागल्या फळीवर. माझ्या काळजाला भोकं पडली तिकडं. आमची बायकू गोजरबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत हुती, ती काय म्हणली म्हाईत हाय? "हरी, गाडी गप करतोयास, जरा सूत शिल्लक ठीव रं. आमच्या मालकाला बी पुरंल."

तर सगळं बसवून झालं. डाव्या दाराची काच खाली यायची बंद झाली, उजव्या दाराची अर्ध्यात अडकली ती मुठीनं ढकलून वर केली, तिथंच बसली. मला शेजारी बसवून गल्लीतनं एक चक्कर मारली. तुमास्नी सांगतो… गाडी चाललीय का उभी हाय, कळंना! डायवराला गाडी ऐकू येत न्हाय, म्हंजे आंधळ्याची काठी काढून घेतल्यागत. हरिदास इचारतो, "फरक पडला का न्हाय, आण्णा?" मी म्हणलं, काडीचा न्हाय! पैशापरीस पैसा गेला, चादरीपरीस चादर गेली, फरक शून्य! तुमा सगळ्यांसमोर म्हणलो, आठवतंय का? ह्याच कट्ट्यावर म्हणलो. एकदा न्हाय, दहांदा म्हणलो.

तितंच फसलो बगा.

परवा आमच्या लेकीच्या पोराचं बारसं, कुर्डुवाडीला. जावई रेल्वेच्या वर्कशापात हाय. आजोळचा पाळणा घिऊन निघालो. पाळणा म्होरल्या शिटावर, माझ्या शेजारी, नवरीगत. मागं गोजरबाई, केसर आन हरिदास. टेप लावला. मोहोळपतूर गाणं. मोहोळात गोजरबाई म्हणली, "बंद कर रं, डोस्कं उठलं." बंद केला. आन गाडीत अशी शांतता झाली, अशी शांतता झाली… म्होरं मला पाळण्याच्या साखळीची किणकिण ऐकू यायली. आन मागनं हरिदासाची कुजबूज.

गाडी खडखडाय लागल्यापासनं मागली माणसं काय बोलत्यात ते मला कदी कळलंच न्हवतं. खडखडीत सगळं जिरून जायचं. त्यास्नी तीच सवय! गाडी गप झाली, पण ह्यांची तोंडं जुन्याच गाडीत बसल्याली.

हरिदास म्हणतो, कुजबुजत बरं का, म्हंजे तुमच्या-माझ्या भाषेत बोंबलत, "आई, आण्णांचं काय खरं न्हाय आता. आत्ता मोहोळात मागनं टरक हारन मारून मारून दमला, ह्यास्नी पत्ताच न्हाय. कान गेले. उद्या कुटंतरी धडकवतील."

अरं! हारन ऐकू येणार कसा? चारी बाजूनं सूत तू ठासलंयस! डांबर तू फासलंयस! त्यात सगळ्या गाडीचं कान बुजलं, आन मी काय बहिरा हाय व्हय?

केसर म्हणती, "हळू बोला की, मामंजी म्होरंच हाईत."

"अगं त्यास्नी काय ऐकू येतंय!"

गोजरबाई म्हणती, "मग करायचं काय म्हणतोस?"

"करायचं काय, गाडी मी घेतो. शेड सोडतो. लग्नाची भाडी मी मारतो. आण्णांनी स्टेरिंगला हात लावायचा न्हाय."

"आन त्यांनी दिसभर करायचं काय?"

"बसतील की कट्ट्यावर."

"कट्ट्यावर बसून लोकांचा जीव खातील."

बघा! कुणाचा जीव खाल्ला ओ मी? कवा? …बसा, उठू नका, संपत आलंय.

वाटलं, आत्ताच्या आत्ता मागं वळून सांगावं, मला सगळं ऐकू येतंय! आन तशीच गाडी हाकत ऱ्हायलो. का? अवो, इचार करा की! ऐकू येतंय म्हणावं, तर गाडी गप झाली हे कबूल केल्यागत हुतंय, मी गल्लीभर सांगत सुटल्यालो, काडीचा फरक न्हाय म्हणून! गप बसावं, तर बहिरा ठरतोय आन स्टेरिंग जातंय! टरकाचं सांगावं, तर परत तेच, सुतामुळं ऐकू आला न्हाय म्हंजे सुतानं काम केलं! जिकडनं बघावं तिकडनं पोराचंच खरं हुतंय. असला सापळा उंदराला बी कुणी लावला न्हाय.

आन तेवढ्यात हरिदास म्हणतो, आता मातर खरंच आवाज बारीक झाला हुता त्याचा, "आई, माझंच कान चाललंत. डाव्या कानानं तर आता काय कळंनाच. घरी आलो तरी कानात माग चालूच असतो, जेवताना, झोपताना. म्हणून तर गाडी गप केली. टेप म्हंजे निमित्त. ह्या गाडीत बसलो की तेवढं बरं वाटतं."

राग वर आला हुता, त्यो मधीच अडकला, भाकरीचा कोरडा तुकडा अडकावा तसा. लेकरू हाय ओ… कवा सांगितलं न्हाय मला. मी इचारलं बी न्हाय. पण… पण कान त्याचे गेले, आन बहिरा मी? ह्यो कुठला न्याय?

कुर्डुवाडीच्या अलीकडं रेल्वेचं फाटक पडल्यालं. गाडी थांबली, इंजन बंद केलं. समोरनं मालगाडी चालल्याली, डब्यावर डबे, आन आत नुसती घुमघुम. मी वळलो. म्हणलं, जाऊ दे आब्रू, स्टेरिंग राहू दे. म्हणलं, "मला सगळं ऐकू येतंय!"

हरिदास म्हणतो, "काय म्हणलासा आण्णा?"

आता बोला! बहिरा कोण?

केसरनं त्याच्या कानाला तोंड लावून सांगितलं, मामंजींनी सगळं ऐकलं. मला वाटलं पोरगं वरमंल, मान खाली घालील. कशाचं! तोंड असं फुललं त्याचं, "सगळं? कुजबुजल्यालं बी? गाडी चालू असताना?" म्हणलं, सगळं! तर दार उघडून खाली उडी मारली आन फाटकाशी थांबल्याल्या बैलगाडीवाल्याला सांगतो, "आण्णा कबूल झाले! आमची गाडी गप झाली! या, बसून बगा!" त्यो बैलगाडीवाला खरंच आत येऊन बसला ओ, पाळणा मांडीवर घिऊन! म्हणतो, "लई निवांत हाय, माझी बायकू हितंच आणून ठिवावी वाटतीया."

आन माझ्या स्टेरिंगचं? त्याचं कुणी नावच काढंना! मी म्हणलं, अरं, ऐकू येतंय ना मला? मग गाडी कुणाकडं? तर गोजरबाई थंडपणे म्हणती, "एवढं ऐकू येतंय, तर घरात मी हाका मारती तवा का ओ देत न्हाय तुमी?"

…ते येगळं असतंय, ते तुमास्नी कळतंय, तिला कसं कळायचं!

शेवटी तीच म्हणली, "शुभकार्याला चाललोय, गाडीचं काय ते घरी गेल्यावर ठरवू." बारसं झालं, परत आलो. तवापासनं तिघं घरात बसून ठरवत्यात, आन मी गाडीत बसून ऱ्हातो. उतरलो की गेलीच म्हणून समजा! आंघोळ झाली की शिटावर, जेवणाचं ताट बी केसर तितंच आणून देती, बिचारी. काचेतनं दिसतंय सगळं. हरिदासाचे हात हलत्यात, गोजरबाईची मान हलती. मधीच सगळी माझ्याकडं बघत्यात. पण अक्षर ऐकू ईल तर शपथ! काचा बंद, दारात सूत, छताला चादर. लई बेस काम केलंय पोरानं, आता न्हाय म्हणून चालायचं न्हाय.

तवा म्हणलं, आज किल्ली करगोट्याला बांधावी, जरा उतरावं आन तुमास्नीच इचारावं. तुमची भिंत आमच्या भिंतीला लागून. त्यो कुजबुजला असंल, म्हंजे तुमास्नी घरबसल्या पोचलं असंल. खरं सांगा, लपवू नका… काय ठरलंय माझं?

आं?

सगळी एकदम नका बोलू. …काय म्हणलासा? जरा मोठ्यानं बोला की ओ. न्हाय न्हाय, ऐकू येतंय मला, पण मोठ्यानं बोला. …आं?

जाऊ द्या. किल्ली मागाय येतील, तवा कळंलच की.