आखाजीनंतर न्यायला कोण येणार?

"आखाजीले तिले फैजपूरले धाडी देऊत, मंग लेवाले कोनी जावानं नही!"... आता तुम्हीच सांगा, लग्नाला तीन महिने झालेल्या बाईनं हे ऐकायचं असतं का? मी इकडे देवपूरच्या घरात कळण्याच्या भाकरी थापतेय, आणि सासूबाई ओट्यावर शेजारच्या भिकुबाईंना हे सांगताहेत! नवी सून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाते, मग सासरचं कुणीतरी न्यायला येतं, ही आपली रीत. पण न्यायला कुणी येणारच नाही, म्हणजे? म्हणजे संपलंच की सगळं! पण बोलणार काय? मी आपली गप्प.

कारण काय, तर पत्र! पुण्याहून माझ्या सरांचं. आमच्याकडे सुनेचं पत्र आधी सासरे, म्हणजे नाना, वाचतात, अंगणात, मोठ्यानं, जशी काही ग्रामपंचायतीची नोटीस... सरांनी लिहिलेलं, 'एड्सच्या विषाणूत तुम्हाला सापडलेल्या बदलावरचं लिखाण लवकर पाठवा.' नानांनी आईंना सांगितलं, "सूनना कागदमा एड्स शे." आईंनी भिकुबाईंना सांगितलं, "सूनले एड्स शे." भिकुबाईंनी गल्लीत काय सांगितलं ते विचारूच नका, संध्याकाळी दूधवाल्यानं माझ्या पातेल्यात दूध हातभर वरून ओतलं! मी आपली गप्प.

आणि तुम्हाला सांगते, माझा अभ्यास तरी दुसरा कसला? त्या विषाणूचा निरोप असतो, आरएनए म्हणतात, एकच आणि लांबलचक. पेशी तो तसाच ठेवते तेव्हा एक प्रथिन होतं, मधला तुकडा कापून टोकं जोडते तेव्हा दुसरंच. आणि जिथं कापायचं त्या खुणेतलं एक अक्षर जरी बदललं ना, की कात्री भलतीकडेच चालते, हवं ते प्रथिन पुरत नाही, नको ते तयार! हे कळायला मी पुण्यात दोन वर्षं डोळे फोडले... आमच्या ओट्यावर दोन दिवसांत कळलं असतं! अहो, तो विषाणू मी बघितलेलासुद्धा नाही, कागदावरची नुसती अक्षरं ताडून बघते. पण माझा कप न्यारा, ताट न्यारं, मांड्यांच्या कणकेला हात लावायचा नाही! कणकेतून रोग जातो हे कुणी सांगितलं? भिकुबाईंनी! त्यांना कुणी सांगितलं? ...जाऊ द्या. मी गप्प.

काल मात्र नानांनी समोर बसवलं. "पोरी, रक्त तपाशी ले. कागद चांगला उना तर आखाजीनंतर लेवाले येऊत." आणि आमचे हे! बियाण्याच्या कंपनीत नोकरी, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, आजचा मुक्काम पहूर, उद्याचा कुठं ते कंपनीलाही ठाऊक नसावं... ते तेवढ्यात आले, आणि पायातले बूटसुद्धा न काढता म्हणतात कसे, "हो हो, तपासून घे. मनात शंका नको." आई माना डोलावताहेत, भिकुबाई दाराआडून कान देऊन उभ्या...

मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "जाते की, नाना. पण हा रोग बायकोला बहुतेक नवऱ्याकडूनच येतो, तेव्हा पहिली सुई यांना."