घास घेण्याआधी

हरेश : आणि वर मना सांगता, तुमी कायच केला नाय.

शांतवन : खरंच नाही केलं, शेठ. वायरिंग करतो, दुपारी डबा खातो, संध्याकाळी सायकल काढून घरी जातो.

हरेश : डबा खाताना काय करता?

शांतवन : खातो.

हरेश : त्याच्या आधी?

शांतवन : प्रार्थना. डोळे मिटून, मनातल्या मनात. लहानपणापासूनची सवय आहे.

हरेश : तुमी ख्रिस्ती, तुमी करा. पण माझी सगली बिगारी मानसा तुमी डोले उघडेपर्यंत भाकरीला हात लावीत नाय. काशीराम मुकादम रोज बघतोय. तो बोलतो, वायरमन आपल्या कातकऱ्यांना बाटवतोय.

शांतवन : देवाबद्दल मी त्यांच्याशी अवाक्षर बोललेलो नाही.

हरेश : मंग ती का थांबतात?

शांतवन : मला काय माहीत, शेठ? माझे डोळे मिटलेले असतात.

हरेश : मस्करी नका करू. काल एसटीडी बूथवरच्या पोरांनी मना अडवला. शेठ, तुमच्या बिल्डिंगीत काय चाललाय, म्हणून. स्लॅबच्या टायमाला लफडा झाला तर माझा काम बंद पडल. बापाची शेती गेली इथं, तवा कुठं हा धंदा उभा राहिलाय. उद्यापास्ना सामानाच्या खोलीत बसा जेवाला. दार लावा नि पायजे तेवढा वेल डोले मिटा.

शांतवन : लपून?

हरेश : लपून नाय. आत.

शांतवन : आजवर सगळ्यांसमोर करत आलो. आता दार लावून घेतलं, तर माझं मलाच वाटेल की मी काहीतरी वाईट करतोय. ते नाही जमायचं.

हरेश : मंग दुसरी साइट बघा.

शांतवन : तुमच्याकडे यायच्या आधी किती महिने घरी बसून होतो, तुम्हाला माहीत आहे.

हरेश : माहीत हाय म्हणून तर खोली देतोय. थांबा, साळूला बोलावलाय. तिच्याच तोंडून ऐकू. ये गो आत.

(जेवणाची हाळी नुकतीच झालेली. साळू वरच्या ऑफिसच्या दारातच उभी राहते. हातात चुंबळ, कपाळाला सिमेंट.)

साळू : काय झाला, शेठ?

हरेश : ह्या वायरमननं तुमाला काय शिकवला? देवाचा कायतरी?

साळू : वायरमनदादानं? त्यो बोलतोय कवा?

हरेश : मंग जेवताना त्याच्यासाठी का थांबता?

साळू : त्याच्यासाठी कुठं? बायांसाठी. आधी काय व्हायचा, मुकादमानं हाळी दिली की गडी बसायचे नि जेवून मोकळे. आमी बाया वरून घमेली ठेवून येईपर्यंत पिपातला पाणी खलास. माझा नवरा गोमा, त्योसुदा माझ्यासाठी थांबायचा नाय. मंग वायरमनदादा आला. डबा उघडायचा नि डोळे मिटून गप बसायचा. आमच्यातली जनी म्हणाली, ह्यो कोणासाठी थांबलाय? मी म्हटला, आमच्यासाठी. बाया जिन्यात हायत अजून, म्हणून.

हरेश : आणि डोले का मिटायचे?

साळू : कालवणाकडं बघितला की भूक धरवत नाय.

हरेश : हां.

साळू : गोमाला लाज वाटली. त्यानं भाकरी परत फडक्यात बांधली. मंग एकेक करून सगळेच थांबाया लागले. आता शेवटली बाई उतरून पाणी प्याली, की जेवतो.

हरेश : म्हणजे देवाधर्माचा कायच नाय ह्याच्यात?

साळू : भाकरीचा हाय.

हरेश : सुटलो बाबा. काशीराम पण उगाच डोका खातो. जा वायरमन, मिटला. बसा कुठं बसायचा तिथं.

शांतवन : मिटलं नाही, शेठ. साळू, मी तुमच्यासाठी थांबत नव्हतो.

साळू : मंग?

शांतवन : येशूची प्रार्थना करत होतो. अन्न दिलंस म्हणून आभार मानायचे. मग आई, भाऊ, बायको, पोरं, सगळ्यांची नावं घ्यायची, म्हणून इतका वेळ लागतो. त्यात तुमच्यातल्या एकीचंही नाव नव्हतं. जिन्यात कोण अडकलंय, हे मी एकदाही मान वर करून बघितलं नाही.

साळू : म्हणजे आमी उगाच थांबलो?

शांतवन : उगाच नाही. जेवायला बसताना दुसऱ्यासाठी थांबावं, हे आमच्या धर्मातच सांगितलंय. मी लहानपणापासून ऐकत आलोय. करताय मात्र तुम्ही. मला लाज वाटते, साळू.

साळू : तू काय करत व्हतास ती तुझी गोष्ट, दादा. माझा गोमा आता घरी पण थांबतो. ती माझी. जाऊ मी, शेठ?

हरेश : जा.

शांतवन : दुसरी साइट बघतो, शेठ. माझं सामान उद्या नेलं तर चालेल?

हरेश : कसला सामान? गप बसले असते तर सगला निभावला व्हता. कोणी सांगितला बोलाला?

शांतवन : ती मला चांगला समजत होती. ते फुकटचं होतं.

हरेश : आता त्या पोरांना मी काय सांगू?

शांतवन : आहे तेच सांगा. वायरमन ख्रिस्ती आहे, प्रार्थना करतो, कुणाला काही शिकवत नाही.

हरेश : माझा बापूस आईसाठी कधी थांबला नाय. मी पण बायकोसाठी नाय थांबत. ती वाढते, मी जेवून उठतो, हात धुतो. ती काय खाते, मना ठाव नाय. त्या गोमाला कोणी शिकवला, सांगा.

शांतवन : मी नाही, शेठ.

हरेश : बरा, तुमी नाय. पोरांचा नि काशीरामचा मी बघतो. खोलीत बसाला नको. इथंच उघडा डबा, पंखा हाय.

शांतवन : नको, जातो. खाली अजून कुणी घास घेतला नसेल.