भयपटाला न भिणाऱ्या हौसाक्का

रविवार, दिनांक नऊ फेब्रुवारी. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. कोल्हापुरातल्या एका गृहसंकुलाचं तळमजल्यावरचं सभागृह — पडदे ओढलेले, दिवे मालवलेले आणि खुर्च्यांवर सत्तेचाळीस माणसं. त्यांतली सेहेचाळीस एकदम किंचाळली. एक बाई शेंगदाणे खात बसली होती.

मंडळी, ऐका! प्रश्न साधा आहे, पण उत्तराची घाई करू नका. जो भीत नाही, त्याला धीट म्हणावं का? — अहो, माना डोलावू नका! इथेच तुमचं चुकतं. कीर्तनात मान डोलवायला पैसे पडत नाहीत, म्हणून तुम्ही प्रत्येक वाक्याला डोलावता. उंबऱ्याचा दगडही भीत नाही. मग त्याला शूर म्हणून हार घालणार का?

पेटीवाले, जरा थांबा. आधी बाई कोण, ते सांगतो.

हौसाबाई मुसळे. इचलकरंजीच्या. सगळे हौसाक्का म्हणत. उभा जन्म यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात गेलेला. ज्यांनी मागाचा कारखाना आतून पाहिला आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी पत्र्याच्या छपराखाली शंभर लोहार एकदम घण घालताहेत असं मनात आणावं. तिथे शब्द चालत नाही. बोलणारा नुसते ओठ हलवतो आणि समोरचा ते वाचतो. हौसाक्का या विद्येत इतक्या तरबेज, की चार माग सोडून पलीकडे कुणी कुणाची निंदा करत असलं तरी यांना जागेवर बसून कळे. हसता काय? ही विद्या तुमच्या हाती लागली असती, तर गावात एक संसार धड राहिला नसता.

अशा ठिकाणी कान जातात. दूध नासतं तसे एकाएकी नाही. कापडाचा रंग उडतो तसे, धुण्यागणिक थोडे थोडे. इचलकरंजीत ते कुणाला उमगलंच नाही, कारण त्या गल्लीत सगळेच ओरडून बोलत. पुढे मुलगा सतीश शिकला, कोल्हापुरात नोकरीला लागला आणि आईला आपल्या घरी घेऊन आला. इथे वस्ती सभ्य! माणसं हळू बोलणार, आणि बोलताना एकमेकांच्या तोंडाकडे न बघता हातातल्या फोनकडे बघणार! हौसाक्कांचं जगच मुकं झालं.

त्यांनी घरात सांगितलं का? नाही. का नाही सांगितलं, तिकडे नीट लक्ष द्या. सगळं आख्यान याच खुंटीवर टांगलेलं आहे. घरात सात महिन्यांची नात होती, गार्गी. सून मृणाल हिची रजा संपत आली होती, दहा फेब्रुवारीच्या सोमवारी तिला कामावर रुजू व्हायचं होतं. मग पोर कुणाजवळ? मृणालच्या मनात पाळणाघर होतं. सतीशचं म्हणणं, आई घरात असताना पाळणाघर कशाला. आणि हौसाक्का? सतीश तान्हा असताना त्याला शेजारणीच्या ओटीत टाकून त्या कांड्या भरायला गेल्या होत्या. पोटच्या पोराचं रांगणं त्यांनी पाहिलं नव्हतं. आल्यावर ऐकलं होतं. नातीचं तरी डोळ्यांनी पाहावं, एवढीच आस उरली होती. कान गेले हे कळलं, की पोर पाळणाघरात जाणार! म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

मग पोर सांभाळायच्या कशा? पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायच्या! पोरीने आत चुळबुळ केली की अंगठ्याला ओढ लागे. रडली की दोरी थरथरे. मृणाल थक्क व्हायची — पोरीने तोंड वाकडं करायच्या आत आई पाळण्यापाशी हजर कशा! आणि बोलण्याचं म्हणाल, तर समोरच्याचे ओठ दिसले तर ठीकच. नाही दिसले, तर प्रश्न काय असेल याचा अंदाज बांधून उत्तर ठोकून द्यायचं. निम्म्या वेळा ते बरोबर येई. मंडळी, आपल्या चावडीवरच्या चर्चाही याच पद्धतीने चालतात. फरक इतकाच, की आपले कान शाबूत आहेत.

आता या घरात भुतं कुठून आली? ती आणली बाबरसाहेबांनी. हे संकुलाचे सेक्रेटरी. निवृत्त गृहस्थ, वेळच वेळ. त्यांना फोनवर कुणीतरी यादी पाठवली — ‘पाहावेत असे सर्वांत भयानक चित्रपट’. झालं! दर रविवारी दुपारी सभागृहात एक चित्रपट सुरू झाला. जो अजिबात दचकणार नाही, त्याला यादी संपेल त्या शेवटच्या रविवारी शाल आणि श्रीफळ.

आता या माणसांना काय म्हणावं, तुम्हीच सांगा! सकाळी वर्तमानपत्र वाचतात, दुपारी रक्ताचा अहवाल आणतात, घरी मुलाच्या लग्नाचं जमत नाही — आणि एवढं सगळं असूनही यांची घाबरण्याची हौस फिटत नाही! बरं, ज्याला घाबरतात ते तरी काय? नीट तपासून पाहा. चित्रपटातलं भय नव्वद टक्के ध्वनीत असतं. दार करकरतं, वारा घोंघावतो, मग एकदम सगळं शांत होतं. आणि तुम्ही श्वास रोखला, की कानठळ्या बसवणारा ठोका पडतो. आवाज बंद करा आणि तेच दृश्य बघा. तोंडाला पीठ फासलेली एक बाई गुडघ्यांवर सरपटते आहे. गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात!

हौसाक्कांना ही जाहिरातच दिसायची. शेजारच्या बायका किंचाळून एकमेकींच्या गळ्यात पडत, बाबरसाहेब खुर्चीचा हात धरून रामरक्षा पुटपुटत, आणि या बाई शांतपणे शेंगदाण्याची सालं पदरात गोळा करत. दोन-तीन रविवारांत कीर्ती झाली. ‘मुसळेंच्या आई म्हणजे वाघीण!’ लोक जिन्यात वाकून नमस्कार करू लागले. मुलगा फुशारला. मृणालला म्हणाला, जी बाई असल्या चित्रपटाला हलत नाही, तिच्याजवळ पोर ठेवायला तुला कसली काळजी? मृणालचंही मन वळलं. पाळणाघराचा विषय मागे पडला.

बघा हं, विपरीत कसं घडतं! जे वैगुण्य लपवायचं, तेच गुण म्हणून मिरवलं गेलं. हौसाक्कांना हे कळत नव्हतं का? पुरतं कळत होतं.  पण एक सोमवार उजाडू दे, पोर आपल्या मांडीवर येऊ दे, मग बघू — असं त्या स्वतःला समजावत होत्या. आपण सगळेच समजावतो.

तो शेवटचा रविवार, नऊ फेब्रुवारी, उजाडला. मृणालने नवी बाबागाडी आणली होती. गार्गी तीत झोपली होती, म्हणून ती तशीच सभागृहात आणली आणि हौसाक्कांच्या खुर्चीमागे, हातभर अंतरावर उभी केली. मृणाल दुधाची बाटली आणायला वर गेली. बाबागाडीला दोरी नसते, मंडळी!

पडद्यावर एक ओसाड बंगला. मधल्या खोलीत रिकामा पाळणा, आणि तो आपोआप हलू लागतो. सभागृह चिडीचूप. आणि त्या शांततेत तान्ह्या मुलाचं रडणं उठलं — घुसमटलेलं, तुटक, अगदी पाठीमागून! लोकांच्या अंगावर काटा आला. किंकाळ्या फुटल्या. बाबरसाहेब शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, “काय आवाज घेतलाय हो, खरा वाटतो!”

खरा वाटतो! अहो, खराच होता तो! गाडीतली जाड शाल सरकून गार्गीच्या तोंडावर आली होती, पोर तिच्याखाली तडफडत होती, आणि धडधाकट कानांची सेहेचाळीस माणसं त्या रडण्याला दाद देत होती! एकानेही मागे वळून पाहिलं नाही. इथे टाळ्या वाजवू नका. मला राग आलेला आहे.

मृणाल दारात आली. आईला चित्रपटातलं रडणं आणि आपल्या लेकराचं रडणं वेगळं सांगावं लागत नाही. ती अंधारात खुर्च्या ढकलत धावली, शाल ओढून काढली, पोरीला उचललं. चेहरा लालबुंद, पण श्वास सुरू होता. कुणीतरी दिवे लावले. गाडीला धक्का लागला तेव्हा कुठे हौसाक्कांनी मागे वळून पाहिलं. मृणालने पोरीला छातीशी धरलं होतं, तिचं तोंड पोरीच्या टाळूवर टेकलेलं. ओठ दिसत नव्हते. तशीच, हलक्या आवाजात, तिने विचारलं, “आई, तुम्हाला ऐकू येत नाही का?”

हौसाक्कांनी नेहमीसारखा अंदाज बांधला. चित्रपट चालू आहे, सून घाबरलेली दिसते, काय विचारणार? त्या हसून म्हणाल्या, “छ्या गं! म्या कशाला भ्येतीय?”

मंडळी, सभागृहात टाळ्या पडल्या. वाघिणीला साजेसं उत्तर! बाबरसाहेब तर शाल आणि नारळ घेऊन पुढेच आले. टाळ्या वाजवत नव्हती ती एक मृणाल. ती सासूकडे बघत उभी होती. ओठ हलत नव्हते, तरी हौसाक्कांनी तो चेहरा अक्षर न् अक्षर वाचला. मग रिकाम्या गाडीकडे पाहिलं. खाली पडलेल्या शालीकडे पाहिलं.

अजूनही वेळ होती. सत्काराची शाल खांद्यावर घ्यायची, गर्दीत हसायचं, विषय संपला असता. मृणाल चारचौघांत काही बोलली नसती. सोमवार तर दुसऱ्याच दिवशी होता.

हौसाक्का उभ्या राहिल्या. बाबरांचा हात त्यांनी बाजूला केला आणि मागाच्या खडखडाटात बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, “साहेब, ही राहू द्या. मला ऐकू येत न्हाई. लई वर्सं झाली. म्हणून भ्या वाटत न्हाई.” मग मृणालकडे वळल्या. “पोरगी माज्याजवळ ठिऊ नगंस.”

त्या वाक्याला मात्र हातातला पदर सुटला आणि गोळा केलेली सालं जमिनीवर सांडली. भुताला न भिणारी बाई भ्यालेली लोकांनी पहिल्यांदा पाहिली — आणि धीट झालेलीही तेव्हाच पाहिली!

घरी गेल्यावर मृणाल कडाडली. ती रागावली होती ते पोरीसाठी, आणि त्याहून जास्त या मुक्या वर्षांसाठी. “सांगायचं नाही का, आई? पिशाच्च बघताना हलत नाही, आणि डॉक्टरला भिता?”

“डागदरला न्हाई गं,” हौसाक्का म्हणाल्या. “तू म्हणशील, म्हातारी कामातनं गेली. त्याला.”

 मृणालने ऑफिसला कळवून रजा वाढवून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी पाळणाघरात न जाता सासूला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेली. हौसाक्कांना श्रवणयंत्र मिळालं. आणि गार्गी? ती आजीपाशीच आहे. परवा रांगली. आजीने पाहिलं.

आता तुमच्याकडे वळतो. सुटलो असं समजू नका! दर वर्षी इथे येऊन बसता. देह नाशिवंत आहे, ऐकता. केलेलं भोगावं लागतं, ऐकता. आणि ऐकून कुणाच्या कपाळावर साधी आठी पडत नाही! मला वाटे, मंडळी धीट आहेत. धीट कसली? आवाजच पोहोचत नाही! आणि बाहेर कुणी खरंच रडत असतं. आतल्या खोलीतून म्हातारा बाप पाण्यासाठी हाक मारतो, बहीण दारात येऊन गप्प बसते — तेव्हा तुम्ही त्या बाबरांसारखे म्हणता, ‘काय आवाज आहे, अगदी खरा वाटतो!’ आणि पुन्हा पडद्याकडे बघता. त्या सभागृहात बहिरी एकच होती असं कुणी समजू नये. कबूल करणारी एकच होती.

म्हणून घरी जा आणि आधी विचारा, माझ्या मागे हातभर अंतरावर कोण आहे? ज्याला हे ऐकू आलं त्याला भीती वाटेल. वाटू द्या. ती पुण्याईची भीती आहे.

आणि श्रवणयंत्र बसल्यावर बाबरसाहेबांनी हौसाक्कांना तोच चित्रपट पुन्हा लावून दिला. भर दुपारी, पडदे उघडे, दार उघडं. बाई खुर्चीत टिकल्या चार मिनिटं.