अंगणातला समुद्र

स्वारगेटला धायरीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे बापलेक उभे होते. लेक नर्स होती आणि जपानमधल्या एका बेटावरच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली होती.

"अप्पा, आज त्यांना हो की नाही ते कळवायचंय."

"बेटावर न्हाय जायचं. चहूकडनं समुद्र."

"अहो, तो उघडा समुद्र नाही. मोठ्या बेटांनी त्याला वेढलंय आणि आत शेकडो छोटी बेटं आहेत. लाटाही फारशा नसतात."

"नाव काय म्हणालीस त्याचं?"

"सेतो नाइकाई. म्हणजे सामुद्रधुन्यांच्या आतला समुद्र."

"तुझ्या आईच्या तोंडी ते बसायचं न्हाय. तिला अंगणातला समुद्र म्हणून सांगू."

"म्हणजे तुम्ही सांगणार?"

"आधी मला नीट सांग. पानी खोल हाय का?"

"आहे. मोठी जहाजं जातात."

"आन भरती आल्यावर?"

"चिंचोळ्या जागी पाणी जोरात धावतं. भोवरे पडतात."

"आत्ता तर लाटा न्हाईत म्हणालीस!"

"लाटा नाहीत, भोवरे आहेत. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

"पोहता येतं का तुला, ऋतुजा?"

"नाही."

"मग भ्या वाटत न्हाय?"

"वाटतं. पण मला जायचंय, अप्पा."

बस आली. रांग पुढे सरकली, तरी ते जागचे हलले नाहीत.

"हो म्हणून कळव त्यांना. आन उद्या सकाळी लवकर ऊठ. मळ्यातल्या विहिरीला अजून पानी हाय. मी उतरतो तुझ्यासंगं."