शौकीचे चौसष्ट ठेके

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं इन्शिराह, तू! मोठ्याने बोल जरा, पोर्ट सईदची लाइन म्हणजे समुद्राच्या तळातून कोणीतरी बोलतंय असं वाटतं… हो, मीच. नेमत. आता या घरात दुसरं कोण उचलणार फोन?

नाही गं, जेवण कुठलं एवढ्यात. मुलुखियाची भाजी चिरत होते… एकटीसाठीच. एकटीलाही भूक लागते, इन्शिराह, वर्षभर बघितलं ना मी लागते का नाही ते…

हो, काल झालं शौकीचं वर्षाचं सगळं. कबरीवर जाऊन आले, रोट्या आणि खजूर वाटले. तुझ्या नावाचेही वाटले, काळजी करू नको. त्याचा गायक खमीस आला होता, अख्खा वाद्यवृंद घेऊन. वाद्यं न घेता. हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं बिचाऱ्यांना…

त्याची ती विजेवरची ठेक्यांची पेटी?… हो, उघडली ना. सकाळी. वर्ष झालं, आता उघडायला हरकत नव्हती… ते सांगते. आधी हे सांग, इब्तिहालचा झगा आला का शिवून?… अरे वा. आणि फतही कुवेतहून कधी पोचतोय?… बुधवारी. म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी. मुलीचा बाप आहे की पाहुणा?…

अगं, टाळत नाहीये मी… वहिनी, वहिनी काय करतेस, सांगते म्हटलं ना. तू उभी आहेस का? बस खाली… बस म्हणते ना.

पेटी रिकामी आहे.

नाही, चोरी नाही. पेटी आहे जागेवर. दिवे लागतात, बटणं दाबली जातात. आतलं गेलंय. शौकीने भरलेले सगळे ठेके… सगळे म्हणजे सगळे. चौसष्टच्या चौसष्ट… अगं, एकेक करून दाबून बघितले. काही ठिकाणी शांतता, काही ठिकाणी तो जपानहून भरून आलेला ठेका. टिक-टिक, टिक-टिक. दातांच्या डॉक्टरकडे वाजतो तसला.

तोही गेला… हो गं. इब्तिहालच्या लग्नासाठी बांधलेलाही. एकसष्ट नंबरचा. तोच तर पहिल्यांदा दाबला मी.

रडू नको. … इन्शिराह… रडू नको गं, मला ऐकू येत नाही मग काही…

नेली ना. लगेच नेली. तशीच, डोक्याला रुमाल बांधून, वदी मास्तरांकडे. रेडिओ दुरुस्त करतात ते, गिरणीच्या फाटकासमोर… हो, तेच. त्यांनी उघडली. म्हणाले, आत एक छोटी बॅटरी असते, पेटी विजेवर लावली की ती भरते. पेटीला काय आठवतं ते सगळं त्या बॅटरीच्या जिवावर. दोन-चार महिने वीज नाही मिळाली की ती उतरते, आणि पेटी विसरते… नाही, परत नाही येत. मीही विचारलं. तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढून पुसला, तेव्हा कळलं.

वायर? … वायर काढलेली होती गं. तो गेला त्या दिवशी. टीव्हीवर चादर घातली, रेडिओ भिंतीकडे तोंड करून ठेवला, आणि पेटीची वायर… कोणी काढली ते जाऊ दे ना… बरं, तू काढलीस. पण मी तरी कुठे परत लावली? घरात वर्षभर गाणं-बजावणं नको, म्हणून कपाटात ठेवली, वर काळं कापड घातलं. पेटीलासुद्धा सुतक पाळायला लावलं आपण दोघींनी.

नाही, तुला बोल नाही लावत. ऐक ना… ऐक. मला सांगितलं होतं त्याने. म्हणायचा, "नेमत, हिला उपाशी ठेवू नकोस हं, महिन्यातून एकदा तरी दोन घास दे." मला वाटायचं, लाडाने बोलतोय. मी म्हणायचे, "तुझी दुसरी बायको आहे, तूच भरव." … हो, हसायचा. आता मला सांग, असं बोलतं का कोणी? सरळ "विजेवर लाव" म्हणायला काय झालं होतं त्या माणसाला?

…

आहे, आहे. इथेच आहे. नाक पुसत होते.

हां, ते पण विचारलं. वदी मास्तर म्हणाले, शहाणा माणूस याची प्रत काढून ठेवतो. पेटीची वायर टेपला जोडायची, आणि पेटी आपलं सगळं कॅसेटवर ओतते. गाणं नाही ऐकू येत त्यात, नुसती किंचाळी येते. कर्रर्र, चीईई, अशी. पण ती किंचाळी परत पेटीला ऐकवली की तिला सगळं आठवतं… हो ना! मलाही तेव्हाच आठवलं, एकदा दुपारी त्याने किंचाळणारी कॅसेट लावली होती, मी लाटणं घेऊन धावले होते. म्हणजे प्रत होती, इन्शिराह. त्याने काढली होती.

इथे नाहीये. त्याच्या सगळ्या कॅसेटी तू नेल्यास ना, चाळिसाव्या दिवशी? आठवण म्हणून… हो, त्या बिस्किटाच्या डब्यातल्या. त्यात बघ, एकीवर नाव-बिव काही नाही, हिरव्या शाईने फक्त ६४ लिहिलंय… जा, बघून ये. मी थांबते… बघायची गरज नाही म्हणजे?

हं…

हं… ऐकतेय.

खराब झालीय असं वाटलं तुला… वाटणारच. कोणालाही वाटेल. … मग?… त्याच्यावर भरलंस? काय भरलंस?… फतहीला पत्र. बोलून… हो, सगळेच पाठवतात कुवेतला कॅसेटवर, त्यात काय. … एक बाजू ना? अगं, एकच बाजू असेल तर… दोन्ही.

दोन्ही बाजू.

काय गं एवढं बोलत होतीस नवऱ्याशी, तासभर?

… हं. त्याच्याबद्दल. तो कसा गेला, शेवटी काय म्हणाला… लहानपणी तुला खांद्यावर बसवून कालव्यापर्यंत न्यायचा, ते पण?… म्हणजे शौकी पुसून शौकीच भरलास. … नाही, रागावले नाही. खरंच नाही. फतहीला म्हणावं, येताना ती कॅसेट घेऊन ये. किंचाळी नाही तर नाही. मला ऐकायचंय तू काय बोललीस ते.

वदी मास्तरांनी नवी बॅटरी घातली आणि वर उपदेश केला, "बाई, आता दोन प्रती काढून ठेवा, दोन वेगळ्या घरांत." म्हटलं, कशाच्या प्रती, मास्तर? टिक-टिकच्या?

खमीसला इब्तिहालचा ठेका कसा येईल? खमीस गायचा पेटीच्या मागून. आणि तो ठेका लग्नात वाजलाच नव्हता ना अजून, इब्तिहालसाठीच राखून ठेवलेला. ती जिना उतरताना वाजवायचा म्हणून. ऐकलाय तो फक्त आपण तिघींनी, तुझ्या बैठकीत, एकदा… मी जास्त वेळा. तीन आठवडे जेवायच्या टेबलावर ठक-ठक चालली होती त्याची, डाळीचं ताट थरथरायचं…

तुला आठवतोय? … खरंच? मग वाजव. अगं, फोनवरच वाजव, टेबलावर. …

…

थांब. परत. हळू… दुम, तक-तक, दुम… हां, इथपर्यंत बरोबर. मग तो थांबायचा. एका श्वासाची जागा सोडायचा मध्ये, म्हणायचा, इथे मुलगी झगा सावरेल… तेच म्हणतेय. पण कुठे थांबायचा? तिसऱ्या फेरीनंतर ना? … चौथ्या? … मला तिसऱ्या वाटतंय. … इब्तिहालला विचार, आहे का तिथे?… ती काय म्हणते?… तिला नुसतं मामा हसत होता एवढंच आठवतंय. बरं.

परत वाजव… नाही, आता मला दोन्ही बरोबर वाटायला लागलंय. … तिसऱ्यानंतर थांबून बघ. … आता चौथ्यानंतर.

तुला खात्री आहे?… मलाही नाही.

मग चौथ्यानंतर धर. … अगं, धर ना. लग्न गुरुवारी आहे, खमीसला शिकवायला तरी दिवस नकोत का? मी उद्या त्याला टेबलावर वाजवून दाखवते, चौथ्यानंतर थांबायचं म्हणून सांगते… नाही, त्याला नाही सांगणार की आपण ठरवलं. शौकीचाच आहे म्हणेन.

लिहून ठेव हं तू पण, कागदावर. मी इथे लिहिते… हो. झग्याला सांभाळ. ठेवते.