दाजींना लागलेलं विशेषण

...नाही, पण तुम्हीच सांगा, सख्ख्या बहिणीला इंग्रजीच्या क्लासला घातलं, यात माझं काय चुकलं? मुलं शिकून लांब गेलेली, घर रिकामं, संध्याकाळ झाली की ताई एकटीच खिडकीशी बसलेली. मी म्हटलं, ताई, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग निघालाय, जा, चार माणसं भेटतील, दोन शब्द कानावर पडतील... गेली बिचारी. मी स्वतः सोडून आलो. आता मला काय ठाऊक, की त्या क्लासात आमचे दाजी वारतील!

दाजी म्हणजे ताईचे यजमान. शिलाई मशीन दुरुस्त करतात. माणूस देवमाणूस, पण 'नाही' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघत नाही. दुकानाला कुलूप घालायला गेले की हमखास कुणीतरी शिंपी मशीनचं मुंडकं काखोटीला मारून हजर, टाका सुटतोय हो, सकाळी गिऱ्हाईक येणारे... की बसले दाजी परत दिवा लावून. बॉबिन काढ, शटल घास, तेल सोड. इकडे ताई ताट वाढून बसलेली. मग ताट झाकून बसलेली. मग ताट झाकून झोपलेली. वर्षानुवर्षं हेच. भांडण नाही, तंटा नाही. समोर माणूसच नाही, तर भांडणार कोणाशी?

तर क्लास. बाई एकदम कडक. वर्गात पाऊल टाकलं की फक्त इंग्रजी, आपल्या भाषेत बोलायचं असेल तर जिन्यात जाऊन बोला. आणि बाईंनी शिकवायला घेतलं ॲडजेक्टिव्ह. म्हणजे विशेषण. ताई घरी येऊन मलाच शिकवायला लागली, अरे, नाम कसं आहे ते सांगतं ते विशेषण, आणि त्यांच्याकडे किती सोपं आहे बघ, आपला काळा घोडा, काळी घोडी, काळं कुत्रं, नाम बदललं की विशेषण मागे मागे धावतंय, त्यांचं ब्लॅक म्हणजे ब्लॅक, घोडा असो, घोडी असो, अख्खा तबेला असो, विशेषण आपलं ढिम्म! फक्त बसायच्या जागा दोन. एक नामाच्या आधी, रेड डोअर. नाहीतर 'इज'च्या नंतर, द डोअर इज रेड. कुठेही बसवा, दार लालच.

मी म्हटलं, वा, मग भीती कसली, बसव बिनधास्त! आता एवढं धीराचं बोललो, यात माझं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, घरातल्या एका माणसाबद्दल सांगा. ताई उभी राहिली. तिला सांगायचं होतं, की माझे यजमान रोज उशिरा येतात. लेट हा शब्द तर आपल्याही तोंडातला, गाडी लेट, दूधवाला लेट. आणि दार लाल असेल तर लाल दार, मग नवरा लेट असेल तर? ताईने खणखणीत आवाजात सांगितलं, 'माय लेट हजबंड इज अ गुड मॅन.'

सगळ्या वर्गाच्या माना ताईकडे वळल्या. कारण हा 'लेट' भारी खट्याळ. 'इज'च्या नंतर बसला तर माणसाला नुसता उशीर झालेला. आणि माणसाच्या आधी बसला तर माणूस स्वर्गवासी!

बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. 'वॉज,' म्हणाल्या. 'वॉज अ गुड मॅन.'

ताईला वाटलं, असेल काहीतरी नियम. हुशार विद्यार्थिनी, तिने पुढचं सगळं वॉजमध्ये घातलं. वॉज ऑनेस्ट. वॉज काइंड. वॉज क्वाएट. आणि मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं, की रोज मी त्यांचं ताट वाढते, वाट बघते, ते येत नाहीत, मग मी ताट झाकून ठेवते.

झालं. वर्गात एक नर्स होती, जिने रोज काय काय बघितलेलं, तिने रुमाल काढला. बेकरीवाला ताईसाठी गरम पाव बाजूला काढून ठेवायला लागला. एक निवृत्त पोस्टमास्तर होते, स्वतः विधुर, ते रोज ताईला कोपऱ्यापर्यंत सोडायला. जिन्यात एकाने जरी विचारलं असतं, काय झालं हो यजमानांना, तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता. पण असला विषय काढणार कोण? आणि ताई आपली मला सांगतेय, किती मायाळू माणसं आहेत रे ही...

वर्ग संपत आला तसा बाईंनी छोटा समारंभ ठेवला, घरच्यांना घेऊन या म्हणाल्या. ताईने सांगितलं, अहो, यायचं हं. दाजी म्हणाले, येतो. म्हणजे आणायला मीच जाणार, हे उघड होतं. गेलो, एका शिंप्यापुढे हात जोडले, दाजींच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला आणि ओढत नेलं. तरी पोचलो तेव्हा भाषणं संपून चहा सुरू झालेला. पण नेलं की नाही? यात माझं काय चुकलं?

ताई फुललेल्या चेहऱ्याने पुढे आली, दाजींना हाताला धरून सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाली, 'माय हजबंड.'

नर्सने खुर्ची धरली. पोस्टमास्तर कप खाली ठेवून उठले, दाजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि जड आवाजात विचारलं, 'न्यू हजबंड?'

दाजींचं इंग्रजी मशीनच्या खोक्यावर छापलेलं असतं तेवढंच. पण 'न्यू' कळलं. ते संकोचून म्हणाले, 'नो, नो. ओल्ड.'

पोस्टमास्तर खाली बसले.

मग बाईंच्या डोक्यात उजेड पडला, त्या फळ्याकडे धावल्या, 'माय लेट हजबंड' आणि 'माय हजबंड इज लेट', दोन्ही लिहून दाखवलं. बेकरीवाला बाक बडवून हसतोय, नर्स हसता हसता डोळे पुसतेय, ताईने तोंड दोन्ही हातांत लपवलेलं. दाजी तेवढे हसले नाहीत. त्यांनी हळूच बाईंना विचारलं, ती माझ्याबद्दल आणखी काय म्हणाली होती? बाईंनी सांगितलं. प्रामाणिक. प्रेमळ. अबोल. ताटाचंही सांगितलं.

जिना उतरताना दाजी मला एवढंच म्हणाले, 'तिची एका शब्दाची जागा चुकली. बाकी सगळं बरोबरच होतं.'



आणि दुसऱ्या दिवसापासून दाजी दिवेलागणीला घरी! 'नाही' म्हणता येत नाही ना, म्हणून शिंपी दिसायच्या आत दुकान बंद करून पळतात. शिंपी मला रस्त्यात अडवतायत, दाजींना बरं नाही का हो... ताई मात्र खूश. निदान पहिला आठवडा. मग दाजी बोलायला लागले. इतक्या वर्षांचं साठलेलं, पण बोलणार काय? वरचा दोरा ताणला की टाका कसा गोळा होतो. जेवताना तेच, जेवल्यावर तेच, ताई पुढच्या वर्गाच्या अभ्यासाला बसली की शेजारी खुर्ची ओढून तेच!

परवा गेलो तर ताई पुढचा धडा पाठ करत होती. बोअर्ड आणि बोअरिंग. म्हणाली, ज्याला कंटाळा आलाय तो बोअर्ड, आणि ज्याच्यामुळे आलाय तो बोअरिंग. दाजी हौसेने म्हणाले, एखादं उदाहरण दे की, म्हणजे डोक्यात बसेल.

ताईने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, अगदी प्रेमाने बघितलं हो, आणि म्हणाली, 'अहो, आपण दोघं बसलोय ना इथे? पहिलं मला लावा, दुसरं तुम्हाला.'

दाजींनी मान डोलावली. मग खुर्ची आणखी जवळ ओढून म्हणाले, 'बरं... पण खालच्या दोऱ्याचं सांगायचं राहिलंच.'